तात्यांचे जड धातू

आमच्या गावात शिव्या सगळ्यांनाच येतात, पण स्वतःची खास शिवी फक्त तात्यांकडे आहे, आणि ती थेट रसायनशास्त्रातून आलेली आहे. बुंदी संपली, पंगत उठली, तरी पानावरून न हलणारा पाहुणा दिसला, की तात्या माझ्या कानाशी लागतात, "भाऊ, जड धातू हाय हे. एकदा बसलं की निघत न्हाई." ग्रामपंचायतीतले जुने सभासद जड धातू. दरवर्षी बांध कोरणारा शेजारी जड धातू. मंचरच्या बाजारात कांद्याच्या ढिगाला टेकून तासभर गप्पा मारणारा आणि भाव न बोलणारा व्यापारीही जड धातू. मी गावात ऑइलपेंट विकतो, म्हणजे जड धातूंचा होलसेलवाला.

ही शिवी गावात आणली कॉलेजातल्या एका मॅडमनी. पेठ गावाच्या पुढं हायवे सोडला की आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर तळं. मॅडमनी तिथलं पाणी आणि गाळ बाटल्यांत भरून नेला. पुढं देवळात येऊन सांगितलं, "जिथं रंगवलेल्या मूर्ती बुडवता आणि ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या धुता, तिथल्या गाळात शिसं आहे. जड धातू असतो तो. पोरांना पोहायला सोडू नका." लोकांनी मान डोलावली आणि धारा काढायला गेले. बसून राहिले ते एकटे तात्या.

कारण गावातल्या निम्म्या लोकांना पोहायला तात्यांनी शिकवलंय. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि न सांगता ढकलून द्यायचं, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत चाकणच्या नातीचा, ओवीचा नंबर होता. भोपळा छपराला टांगून तयार होता. तेवढ्यात बातमी चाकणला पोचली आणि सुनेचा फोन आला, "तात्या, सुट्टीत आम्ही माझ्या माहेरीच जातो. तळं साफ झालं की कळवा, मग पाठवते ओवीला."

सुनेनं ते फोन ठेवता ठेवता म्हटलं असणार. तात्यांनी मात्र तो ठेकाच घेतला.

त्यांचं डोकं सरळ चाललं. धातू आहे ना? मग चुंबकाला चिकटणार! डीजेच्या फुटक्या स्पीकरमधलं चुंबक त्यांनी विहिरीच्या दोराला बांधलं आणि रोज सकाळी तळ्याच्या काठानं ओढत फिरू लागले, एखादं हट्टी कुत्रं फिरवावं तसे. काय काय निघालं! बैलांचे नाल, सायकलची चेन आणि एक कोयता. हा कोयता तूच चोरलास म्हणून दोन सख्ख्या भावांनी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. भाऊ पुन्हा बोलू लागले आणि बोलता येऊ लागल्यामुळं आठवड्यात पुन्हा भांडले.

हे मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी फोन केला, "अहो तात्या, शिसं चुंबकाला चिकटत नाही!"

तात्यांनी फोन हातात तसाच धरला आणि माझ्याकडं बघितलं. "धातू असून चिकटत न्हाई? लई माजोरडं हाय की राव!"

निघत नाही तर निदान नवं पडू द्यायचं नाही, असं मग त्यांनी ठरवलं आणि ते माझ्या दुकानात ठिय्या देऊन बसले. गिऱ्हाईक आलं की, "लाल घेतूस? घे, घे. बापाला बैलाची शिंगं रंगवू दे, बैल तळ्यात धुऊ दे, पोराला तेच पाणी पिऊ दे."

"तात्या, धंद्याची वेळ आहे," मी हात जोडायचो.

"मग मी काय सुट्टीवर हाय व्हय?"

गणपतीत त्यांनी मंडळाच्या अध्यक्षालाच गाठलं. "बाप्पा तळ्यात जाणार न्हाई."

"मग काय बादलीत बुडवू, तात्या?"

"बादलीत कशाला? तुझ्या ट्रॉलीत!"

आणि खरंच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरून, टँकरनं पाणी भरून, ढोल-ताशात विसर्जन झालं. ट्रॉली गळत होती. गुलालानं माखलेले तात्या मागच्या फाळक्याला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या धोतरातून बाप्पाचं पाणी वाहत होतं.

त्या दिवशी तात्यांचा मुलगा सुनेला आणि ओवीला घेऊन आला होता. सून हसून हसून दमली. विसर्जन आटोपल्यावर आम्ही तळ्यावर गेलो, तेव्हा ती म्हणाली, "तात्या, एवढं केलंत तुम्ही. उतरू दे तिला आज. काठाकाठानं."

ओवीच्या चपला केव्हाच उडाल्या होत्या. मला वाटलं, आता तात्या धोतर खोचून तिच्या आधी उडी घेतात. ते पाण्याकडं बघत राहिले.

"नगं," ते म्हणाले. "साफ झाल्यावर म्हणली व्हतीस. अजून न्हाई झालं."

ओवीचा चेहरा पडला. तात्यांनी तो पाहिला, टोपी काढली आणि बांधावरच्या गवतात सरळ पालथे पडले.

"ये. अशी झोप. हात म्होरं. आता वड पाणी मागं. मान वर, श्वास घे."

गवतात दोघं शेजारी शेजारी पोहू लागले, तोंडं तळ्याकडं करून. सून ओवीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

"आजोबा, पोचलो का?" ओवीनं धापा टाकत विचारलं.

"अजून न्हाई," तात्या म्हणाले. "मार हात."