नाव घेऊ नका!

भैयाजी घाट्यांच्या घरी चहा प्यायला मिळायचा, पण त्याला चहा म्हणायची सोय नव्हती! "वा, चहा फक्कड झालाय," असं मी पहिल्यांदा म्हणालो आणि हा माणूस खुर्चीतून ताडकन उठला.

"नाव घेऊ नका! चहा आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. जाणवलं काय ते सांगा!"

"गरम... मग गोड... मग जिभेच्या कडेला जरा तुरट," मी चाचरत म्हणालो.

"अच्छा! बहुत अच्छा, वामनराव!" आणि त्यांनी चक्क टाळ्या पिटल्या.

लढाईचे दिवस. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या. मी नकाशे काढायचो, भैयाजी चाचणीच्या मैदानावर तोफा उडवून बघायचे आणि आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. ओमती बाजारातल्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक फाटकं पुस्तक आणलं होतं. मानसशास्त्र हे वेगळं शास्त्र कसं झालं, त्याची ती हकिकत. कुणा जर्मन प्रोफेसराने म्हणे प्रयोगशाळा थाटली, माणसांना लंबकाचे ठोके ऐकवले आणि विचारलं, वस्तूचं नाव न घेता सांगा, आत काय झालं?

"अहो, पण जर्मन आपले दुश्मन ना?"

"शास्त्राला कसला आलाय दुश्मन? विचार करा, आपणच यंत्र आणि आपणच इन्स्पेक्टर!" हे बोलताना त्यांचे डोळे असे काही चमकायचे की मलाही स्फुरण चढायचं.

त्यांच्या मुलीला, कुमुदला, कुड्या करायला आम्ही सराफ्यात गेलो. "कैसा लगा?" सोनाराने विचारलं. भैयाजी डोळे मिटून म्हणाले, "पीला. ठंडा. थोडा भारी." सोनार भडकला, "अरे भैयाजी, सोना है! सोना बोलो!"

घरी वहिनी करवादायच्या. "केव्हाची हाका मारून राहिली मी, तुम्ही काहून ओ देत नाही?"

"लक्ष आत होतं," भैयाजींचं ठरलेलं उत्तर.

खरी गोष्ट एकदा कारखान्यातून परतताना त्यांनी मला सांगितली. सायकलवरून, ओरडून. मैदानावरच्या तोफांनी कान खाल्ले होते. "घरी बोलू नका. गणपतीत कुमुद गाणार आहे. तेवढं ऐकू आलं की बस, मग गेले कान तरी चालतील!"

तेव्हापासून प्रयोग फक्त आवाजांचे. टांग्याचा घोडा, देवळातली घंटा, वहिनींच्या बांगड्या. मी ऐकायचं, आत काय झालं ते त्यांच्या कानाशी सांगायचं. दर आठवड्याला मला आवाज चढवावा लागत होता.

गणपतीत कुमुद मंचावर बसली. भैयाजी पहिल्या रांगेत, मान पुढे काढून. तिने तोंड उघडलं. ते क्षणभर तिच्या ओठांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"वामनराव, सांगा. नाव घेऊ नका."

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि सुरू झालो. "पोटात काही तरी हललं! आता घसा दाटला! आता पाठीवर काटा, सरसरून!" मागून लोक ओरडले, "अरे भैया, चुप रहो!" गप्प बसतो कशाला! पोरगी असली गात होती की मला सांगायला शब्द पुरेनात. भैयाजींनी डोळे मिटले आणि मान डोलावत राहिले.

गाणं संपल्यावर कुमुद धावत आली आणि त्यांचे खांदे धरून हलवू लागली. "बाबा, कसं झालं? जाणवलं काय ते सांगा!"

त्यांनी तिच्या ओठांवरून प्रश्न ओळखला.

"आधी पोटात काही तरी हललं," ते म्हणाले. "मग घसा दाटला. मग काटा आला पाठीवर, सरसरून."

"सगळ्यांनी ऐका, बाबांना काटा आला!" कुमुद नाचायलाच लागली. भैयाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कुमुद," ते म्हणाले. "माझी कुमुद."