साहेबांचा कप

"तुमचे उंदीर ठार विसरभोळे आहेत," साहेब म्हणाले. "औषध बंद, प्रयोग बंद. संध्याकाळच्या बैठकीत तसं सांगून टाकतो."

उंदीरमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेत सगळे तिला याच नावाने हाक मारत, आणि तिलाही ते आवडे. आठवण शाबूत ठेवणाऱ्या या औषधासाठी ती जिवाचं रान करत होती. घरी सासूबाई रोज सकाळी तिला नव्याने विचारत, "तू कुणाची गं?" तिने सांगितलं, तरी चहा निवेपर्यंत पुन्हा तेच. साहेबांनी हात झटकले म्हणून हे औषध मोडीत निघू द्यायला ती मुळीच तयार नव्हती.

परीक्षा तशी साधी. काल खोक्यात दोन सारखे पांढरे कप ठेवले, उंदरांनी ते मनसोक्त हुंगले. आज त्यातल्या एकाच्या जागी पिवळं रबरी बदक. ज्याला कालचं आठवतं, तो ओळखीच्या कपाकडे पाठ फिरवून बदकाकडे धावतो. पण आज एकानेही बदकाला भीक घातली नाही. सगळे कपालाच चिकटले. एक पठ्ठ्या तर कपात उतरून मिशा साफ करत बसला.

"उंदीर चुकलेले नाहीत," मावशी म्हणाली.

"मग काय मी चुकलो?"

"तेच बघते."

तिने खोक्यातला कप उचलून उलटा केला. वेगळ्या वस्तू विकत घ्यायला साहेबांनी साफ नकार दिला होता, म्हणून तिने ऑफिसच्या चहाच्या सेटातलेच दोन कप घेऊन त्यांच्या तळाला लाल ठिपके दिले होते. या तळाला ठिपका नव्हता. कानाजवळ मात्र एक चीर होती, आणि स्पिरिटने पुसूनही तिच्यात मुरलेल्या चहाचा वास गेला नव्हता. बेसिनपाशी वाळत ठेवलेला कप सकाळच्या घाईत उचलताना तिने तळ पाहिलाच नव्हता.

"साहेब, तुमचा कप आज कुणी विसळला?"

"मीच. शिपाई रजेवर आहे ना. बेसिनपाशी कप वाळत होते, त्यातला माझा उचलला. माझा कप मी डोळे मिटून ओळखतो."

एवढं ठासून सांगून साहेबांनी उरलेला चहा संपवायला कप तोंडाला लावला आणि वर केला. तळाचा लाल ठिपका मावशीच्या डोळ्यांसमोर आला.

"तळ बघा, साहेब. कप बदललाय हे उंदरांनी हुंगताक्षणी ओळखलं; चहाच्या वासाचा नवा कप मिळाल्यावर बदकाला कोण विचारतो! तुम्ही मात्र सकाळपासून त्यांच्या कपातून चहा पिताय. सांगा ना बैठकीत, आठवण कुणाची गेली ते!"

साहेबांनी कप अलगद टेबलावर ठेवला.

"प्रयोग चालू ठेवा," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "अहो, पण काल या कपात उंदरांनी... म्हणजे, नेमकं काय काय केलं होतं?"

"विसरून जा, साहेब," मावशी म्हणाली. "तुम्हाला जमेल."