थोडक्यात आवरा

“आई, आज तुला जितकं बोलायचंय तितकं बोल,” ज्ञानदीप म्हणाला, आणि दुर्गाबाईंच्या हातातलं लाटणं पोळीवरच थबकलं.

असं वाक्य त्या घरात पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. छत्रीबागेतल्या त्या घराचे कर्ते पुरुष म्हणजे आनंदराव. वडील फौजेत होते आणि आनंदराव स्वतः महूच्या फौजी वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यामुळे फोन हे त्यांच्या लेखी तारेचं धाकटं भावंड होतं. “हां. पोचलो. ठेव,” एवढ्यात त्यांचं संभाषण संपे. अनलिमिटेडचा जमाना यायला अजून दोन-तीन वर्षं अवकाश होता. बोललेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत, आणि दुर्गाबाईंनी फोन कानाला लावला रे लावला की पेपराआडून आवाज येई, “थोडक्यात आवर.”

“बरं वाटत नाही का तुला?” दुर्गाबाईंनी लेकाच्या कपाळाला पिठाचा हात लावून पाहिला.

“अरे आई, तसं नाही. माझा प्रोग्राम टेस्ट करायचाय. तुझ्या फोनमध्ये टाकलाय.”

ज्ञानदीप राजवाड्यामागच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. पोलोग्राउंडला पाइप बनवणाऱ्या एका शेठजींना शंका होती, की आपले सेल्समन कंपनीच्या फोनवरून धंदा कमी आणि गप्पा जास्त करतात. त्यांच्यासाठी ज्ञानदीपने हा प्रोग्राम लिहिला होता. कॉल संपला की तो खर्च काढायचा, दुसऱ्या कुठल्या प्लॅनमध्ये स्वस्त पडलं असतं ते सांगायचा, वर एखादा सल्ला द्यायचा आणि हे सगळं मेसेज करून मालकाला कळवायचा. सल्ले सुचायला ज्ञानदीपला काहीच कष्ट पडले नव्हते. लहानपणापासून पेपराआडून जे ऐकलं, तेच त्याने आदरार्थी करून टाकलं होतं.

सोमवारी शेठजींसमोर प्रोग्राम दाखवायचा होता. आणि रविवारी महूला ज्ञानदीपचा साखरपुडा होता. म्हणजे शुक्रवारी दुर्गाबाई सगळ्या गोतावळ्याला आमंत्रणाची आठवण करून देणार. प्रोग्रामच्या परीक्षेला याहून चांगला दिवस कुठला?

“बोलू ना मग बिनधास्त?” दुर्गाबाईंनी पेपराकडे बघत विचारलं.

“बोल. हे ऑफिसचं काम आहे.”

पेपर नुसता सळसळला. दुर्गाबाईंनी गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि मोहिमेवर निघाल्यासारखा फोन हातात घेतला.

शुक्रवार आनंदात गेला. शनिवारी दुपार कलल्यावर ज्ञानदीप ऑफिसात असताना आईचा फोन आला. आवाज रडवेला होता.

“बेटा, सगळ्यांना काय झालंय काही समजत नाहीये. यमुनाताई रविवारी येत नाही बोलल्या.”

यमुनाआत्या म्हणजे आनंदरावांची सख्खी बहीण. देवासला राहायची.

“का?”

“मी विचारलं, ताई, काय झालं? तर बोलल्या, ‘वहिनी, मी थोडक्यात आवरते. येत नाही.’ आणि ठेवला फोन! नागपूरच्या मावशीला केला, तर ती बोलली, ‘दुर्गे, इतके पैसे वाचवायचे होते तर पोस्टकार्ड टाकायचं होतं.’ मी कुणाला काय बोलली रे? मी तर कालपासून सगळ्यांशी गोड गोड बोलून राहिली आहे.”

“आई, तू शांत हो. मी बघतो,” म्हणून ज्ञानदीपने फोन ठेवला. तोच त्याचा फोन किणकिणला. आईचा मेसेज होता. ज्या आईला मेसेज उघडता येत नव्हता, तिचा मेसेज!

‘या कॉलचा खर्च एक रुपया वीस पैसे. बोलणे मुद्द्याला धरून नव्हते. थोडक्यात आवरा.’

ज्ञानदीपने तो मेसेज पुन्हा वाचला. शब्द न् शब्द त्याचाच होता. घाईघाईने त्याने कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला आणि चूक लगेच सापडली. मेसेज पाठवायला जिथे मालकाचा नंबर हवा होता, तिथे त्याने कॉलवर समोर असलेल्या माणसाचा नंबर घातला होता. दुर्गाबाईंनी ज्यांना ज्यांना प्रेमाने ‘नक्की या हं’ म्हटलं होतं, त्या सगळ्यांना मागोमाग दुर्गाबाईंच्याच नंबरावरून त्या प्रेमाचा भाव कळला होता.

त्याने तातडीने आईला फोन लावला. “आई, आता कुणालाही फोन करू नको! एकालाही नाही!”

“आता कशी करू? महूला विहीणबाईंना केला होता, तर—”

“विहीणबाईंना?” ज्ञानदीप ओरडला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चहा सांडला.

“हो ना. त्यांना कुणी काही सांगायच्या आधी आपणच बोलून टाकावं म्हटलं. मी बोलली, ‘मनोरमाताई, आपल्यात काही मनात ठेवायचं नाही हं.’ त्या बोलल्या, ‘मग हे मेसेज काय आहेत?’ मी बोलली, ‘ताई, तुमच्यापेक्षा आम्हाला पैसे का—’ आणि फोनच कट झाला. बॅलन्स संपला.”

मेसेजचे पैसे वेगळे पडतात, ही गोष्ट प्रोग्रामने हिशोबात धरलीच नव्हती. दुसऱ्यांना काटकसर शिकवता शिकवता त्याने स्वतःच आईचा बॅलन्स फस्त केला होता.

ज्ञानदीपने कपाळावर हात मारून फोन ठेवला आणि लगेच संबोधीला लावला. संबोधी, त्याची होणारी बायको, महूला एका बँकेत होती.

“बोल,” ती म्हणाली. “थोडक्यात.”

“संबोधी, प्लीज. ती माझी चूक आहे. आईची नाही.” त्याने सगळं सांगितलं. मग पलीकडून दबका आवाज आला. ती हसत होती, आणि बँकेत हसता येत नाही म्हणून तोंडावर हात दाबून हसत होती.

“तुला माहितीये, माझ्या आईला काय मेसेज आला? ‘हा नंबर महाग पडतो. शक्यतो संपर्क कमी ठेवा.’ ती बोलली, ज्या घरात बोलण्याचे पैसे मोजतात त्या घरात पोरगी कशी द्यायची? बाबांनी हॉलवाल्याला फोन लावायला घेतला होता, मी अडवलं.”

“आता?”

“आता मी समजावते. पण तू आधी ते बंद कर. यापेक्षा खराब तर काही येणार नाही ना त्यात?”

“नाही, नाही,” ज्ञानदीप म्हणाला. आणि त्याला आठवलं.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता प्रोग्राम महिन्याचा गोषवारा काढणार होता. फोनमध्ये साठलेले जुने कॉल मोजून, कुणावर किती खर्च झाला आणि खर्चात कुणाचा कितवा क्रमांक, हे सगळं तो कळवणार होता. कुणाला, हे आता निराळं सांगायला नको होतं.

मग त्याच्या मनात आलं, बॅलन्सच नाही तर मेसेज जाणार कसे? त्याला जरा हायसं वाटलं. तरी खात्री करावी म्हणून त्याने वडिलांना फोन केला.

“बाबा, आईच्या फोनमध्ये बॅलन्स नाहीये ना?”

“नव्हता,” आनंदराव म्हणाले. आवाजात कधी नव्हे तो उदारपणा होता. “रडत बसली होती. म्हटलं, पोराच्या कामात काय कंजूसी? मोठं रिचार्ज मारून आणलं. फुल टॉकटाइम. ठेव.”

‘आईचा फोन बंद करा’ म्हणायच्या आतच त्यांनी ठेवला होता; पुन्हा लावला तर ते उचलेनात, आणि आईचा फोन बिझी. ज्ञानदीप खुर्चीवरून उठला तो थेट स्कूटरवर जाऊन बसला. पण शनिवारची संध्याकाळ, त्यात राजवाडा. पुढे ऑटो, मागे ऑटो, मधे हातगाडी आणि हातगाडीला टेकून नमकीन खाणारे लोक. “भिया, जरा साइड देना!” तो ओरडला. “भिया, हम भी तो यहीं खड़े हैं,” पुढचा ऑटोवाला शांतपणे म्हणाला. तेवढ्यात खिशातला फोन किणकिणला.

‘या महिन्यात तुमच्यावर झालेला खर्च दोन रुपये दहा पैसे. तुमचा क्रमांक एकोणतिसावा.’

आईच्या हिशोबात आपण, तिचा एकुलता एक मुलगा, एकोणतिसावे? त्या गर्दीत, होऊ घातलेलं लग्न मोडायच्या बेतात असताना, ज्ञानदीपला आधी वाईट वाटलं ते याचं.

घरी पोचल्यावर त्याने प्रोग्राम बंद केला आणि आईला समोर बसवून सगळी कहाणी सांगितली. ती ऐकून दुर्गाबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागल्या. “उद्या तू, मी, तुझे बाबा आणि हॉलवाला,” आतून आवाज आला. “चौघांनी खाऊ लाडू.”

रविवारी हे तिघं महूला हॉलवर पोचले तेव्हा ज्ञानदीप दारातच घुटमळला. आत बघतो तर हॉल गच्च भरलेला! ज्यांना बोलावलं होतं ते आले होतेच, पण ज्यांना बोलावायचं राहून गेलं होतं तेही आले होते. आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता, त्यावर कालचा क्रमांकाचा मेसेज.

“जय भीम, जय भीम,” करत नागपूरची मावशी रिझर्वेशन नसताना रात्रभर पेटीवर बसून केलेला प्रवास विसरून दुर्गाबाईंच्या गळ्यात पडली. “दुर्गे, पहिली! सगळ्यांच्यात मी पहिली! मी सुनेला पण दाखवलं. बोलली, बघ, बहीण असावी तर अशी.”

ज्ञानदीपची नजर मनोरमाताईंना शोधत होती. त्या स्टेजजवळ उभ्या होत्या, आणि पाहुण्यांना फोन दाखवत होत्या. दुर्गाबाई भीत भीत जवळ गेल्या. “ताई, ते मेसेज...”

“काही बोलू नका विहीणबाई,” मनोरमाताईंचे डोळे भरून आले. “संबोधीने सगळं सांगितलं मला. पण कालचा हा मेसेज बघा. दुसरा नंबर! सख्ख्या बहिणीनंतर मी! आमच्या इकडे इतके नातेवाईक आहेत, पण माझ्यावर असा खर्च कुणी केला नाही हो.”

महिनाभर साड्या, हॉल आणि लाडू यांवर झालेल्या चर्चेला असं फळ येईल, हे दुर्गाबाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं. स्टेजवरून संबोधीने ज्ञानदीपकडे बघून भुवया उडवल्या. त्याच्या जिवात जीव आला.

पण एवढ्यात यमुनाआत्या आल्या. त्यांनी दुर्गाबाईंच्या हातातून फोन घेतला, “लिस्ट दाखव रे,” असं भाच्याला फर्मावलं आणि खुर्ची ओढून वाचायला बसल्या. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत गेला.

“वहिनी, कालच्या मेसेजमध्ये वाचलं तेव्हा वाटलं मशीनची चूक असेल. खरंच मी तेविसावी?”

“ताई, ते काय आहे, तुम्ही जवळच असता ना—”

“तेविसावी! आणि हा सिलिंडरवाला नववा?” आत्याचा आवाज चढला. “मला वाटलं, माझ्यावर पैसे फार गेले म्हणून तुम्ही चिडल्या. म्हणून मी रुसली होती. आता बघते तर माझ्यावर गेलेच नाहीत! सिलिंडरवाल्याने काय तुमच्या पोराला मांडीवर खेळवला होता?”

“तो वेळेवर येत नाही ताई, म्हणून करावा लागतो!”

“मग मी पण वेळेवर नाही येणार यापुढे!”

शेवटी दुर्गाबाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की उद्यापासून रोज संध्याकाळी देवासला फोन. आत्याने लगेच “एसटीडी नाही पडत, मला माहितीये,” असं बजावून लाडू तोंडात टाकला आणि भाच्याला जवळ बोलावलं. “आता हे माझ्या सुनेच्या फोनमध्ये टाकून दे. तिच्या लिस्टमध्ये मी कुठे आहे ते पाहायचंय.”

ते शब्द बाजूच्या बायकांच्या कानी पडले मात्र, नवऱ्या मुलाभोवती रांग लागली. कुणाला मुलाच्या फोनमध्ये हवा होता, कुणाला जावयाच्या. ज्ञानदीपचे साहेब अशोकजी अहेराचं पाकीट हातात धरून ती रांग बघत उभे होते.

“ज्ञानदीप,” ते शेवटी म्हणाले, “भिया, तू खर्च कमी करायला बनवलं होतं ना हे? इथे तर जो तो खर्च वाढवायच्या गोष्टी करून राहिला आहे. शेठजींचं आपण उद्या दुरुस्त करून देऊ. पण हेच्यावाल्यातली चूक काढू नको. हेच जास्त चालेल.”

अंगठ्या झाल्या, जेवणं झाली, फोटो झाले. ऊन कलता कलता तिघं छत्रीबागेत परतले. दुर्गाबाई गुणगुणत स्वयंपाकघरात शिरल्या. आनंदराव मात्र दिवसभर गप्पच होते. गप्प असणं हे त्यांचं नेहमीचंच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पेपर उघडला, मिटला आणि घसा खाकरला.

“ती लिस्ट,” ते ज्ञानदीपला हळूच म्हणाले. “त्यात आपलं... मतलब, माझं काय आलं?”

“बाबा, तुम्ही नाही त्यात.”

“राहून गेलं असेल. मशीनच आहे.”

“राहिलं नाही बाबा. तुमचा खर्च शून्य आहे. आई तुम्हाला मिस्ड कॉलच देते ना. एक रिंग म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे येताना दूध आणा. तुम्हीच तर ठरवून दिलं होतं.”

“हां,” आनंदराव म्हणाले. ही युक्ती त्यांनी आजवर वर्कशॉपातल्या कितीतरी मित्रांना अभिमानाने सांगितली होती. “हां. पैसे वाचतात.”

त्यांनी पेपराची नीट घडी केली. मग “गच्चीवरचे कपडे काढून आणतो,” असं पुटपुटत जिना चढून गेले. कपडे सकाळीच काढलेले होते.

स्वयंपाकघरात दुर्गाबाईंचा फोन वाजू लागला. त्यांचे हात कणकेत होते. त्यांनी वाकून नाव पाहिलं आणि सवयीने रिंगा मोजायला लागल्या. “एक... दोन... अरे, दूध तर आहे घरात. तीन... चार... हे थांबत का नाहीये? ज्ञानदीप, बघ रे, यांचा फोन बिघडला!”

“आई, उचल तो.”

“उचलू? पैसे पडतील ना त्यांचे!”

“उचल.”

दुर्गाबाईंनी करंगळीने बटण दाबलं आणि फोन खांदा नि कानाच्या मधे धरला. “हां, काय झालं? कुठे आहात तुम्ही? पडले-बिडले नाही ना?... गच्चीवर?... मग आवाज द्यायचा ना. फोन कशाला?... सहज?”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चालू असावं, कारण दुर्गाबाईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांनी कणीक बाजूला सारली, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

“विहीणबाई कशा वाटल्या म्हणता?” त्या म्हणाल्या. “थांबा. सुरुवातीपासून सांगते.”

ज्ञानदीपने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं आणि कोपऱ्यावरून तिघांसाठी पोहे आणायला निघाला.