थांबण्याचे सबळ कारण

कार्यालयाच्या गाड्यांचे ब्रेक-पॅड प्रमाणाबाहेर झिजतात, ही गोष्ट वाहनप्रमुखांच्या लक्षात आली तेव्हा त्यांच्या बढतीची मुलाखत तोंडावर आली होती. निवृत्तीआधीची ही शेवटची संधी. मुलाखतीत सांगायला एखादी कामगिरी हवी, आणि कामगिरी म्हणावे असे त्यांच्या हातून आजवर काही घडले नव्हते. बिघडलेही नव्हते, हीच काय ती जमेची बाजू.

म्हणून त्यांनी गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका प्लॅस्टिकमधून प्रथमच बाहेर काढली आणि परिपत्रक जारी केले: पुढच्या गाडीपासून अंतर राखावे, सिग्नल दुरून दिसताच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, उतारावर गिअर खाली घ्यावा, ब्रेक आपोआप कमी लागेल. सल्ला बिनचूक होता. घोडे एकाच ठिकाणी अडले. गाडीत मागे अधिकारी बसत. ते घरूनच उशिरा निघत, अर्धा रस्ता ‘पळव, पळव’ म्हणत आणि उरलेला अर्धा ‘अरे अरे, थांबव’. अधिकाऱ्यांना वेळेवर निघा म्हणणे वाहनप्रमुखांच्या अखत्यारीत नव्हते. ब्रेक होता.

तेव्हा दुसरे परिपत्रक निघाले: लेखी पूर्वमंजुरीशिवाय ब्रेक लावू नये. ड्रायव्हर हँडब्रेक ओढू लागले. हँडब्रेकला लाखेचे सील बसले. ड्रायव्हर इंजिन बंद करून थांबू लागले. त्यावर स्टार्टर वाचवण्याचे तिसरे परिपत्रक निघाले. दर आठवड्याला पॅडची जाडी मोजली जाई, आणि एका ड्रायव्हरच्या पॅडची जाडी तर चक्क वाढलेली आढळली. चौकशी न करता त्याला ‘आदर्श चालक’ हा किताब देण्यात आला, कारण चौकशी केली असती तर किताब देता आला नसता. तेव्हापासून सगळे त्याला आदर्शच म्हणत.

मुलाखतीच्या दिवशी वाहनप्रमुख मुद्दाम आदर्शच्या गाडीतून निघाले. अर्थात उशिरा.

“पळव,” ते म्हणाले.

आदर्शने पळवली. वाटेत सगळे हॉर्नवर भागले. हॉर्न झिजतो की नाही याबाबत अद्याप धोरण ठरलेले नव्हते. मागच्या सीटवर वाहनप्रमुखांचा उजवा पाय मॅटवर करकचून दाबला जात होता. तिथे ब्रेक नव्हता, पण पायाला ते कळवलेले नव्हते.

मुख्य कार्यालयाचे फाटक आले आणि गेले.

“अरे, थांबव की!”

“मंजुरी, साहेब?”

“मी सांगतोय ना!”

“तोंडी चालत नाही, साहेब. तुमचंच वाक्य आहे ते. माझा किताब जाईल.”

कार्यालयाच्या चारी बाजूंनी रस्ता होता. पुढे उतार, मागे चढ. आदर्शने गाडी वळवून फेरी सुरू केली.

“मग चढावर सोडून दे, आपोआप थांबेल.”

“थांबून मागं येईल, साहेब. मागं येण्याचा रकाना गाडीच्या नोंदतक्त्यात नाही.”

वाहनप्रमुखांनी मांडीवर कागद धरून स्वतःच्याच नावाने अर्ज लिहिला, त्यावर स्वतःच मंजुरीची सही केली आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या वाहन-निरीक्षकांच्या दुसऱ्या सहीसाठी तो खिडकीतून फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे भिरकावला. पहारेकरी तो घेऊन निरीक्षकांकडे पळाला. पुढच्या फेरीला उत्तर आले.

“साहेब, ते म्हणतात, कारण लिहिलेलं नाही!”

“थांबायचंय म्हणून सांग!”

त्यापुढच्या फेरीला पहारेकरी धापा टाकत गाडीबरोबर धावला. “ते म्हणतात, कारण मोघम आहे! सबळ कारण पाहिजे!”

एवढ्यात घरून फोन आला. बढती झाल्याचे बायकोने माहेरी आधीच कळवून टाकले होते.

“सुरू झाला का हो इंटरव्ह्यू?”

“सुरू आहे.”

“मग फोन कसा उचललात? काय सुरू आहे नक्की?”

“गाडी,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उमेदवार दिसेना, पण त्याची गाडी वारंवार दिसते, हे पाहून मुलाखत समिती गच्चीत येऊन उभी राहिली. अध्यक्षांनी कठड्यावरून वाकून प्रश्न टाकला, “वाहनखात्यापुढचं सर्वांत निकडीचं काम कोणतं, असं आपल्याला वाटतं?”

“थांबवा!” खिडकीतून आवाज आला. “कुणीतरी थांबवा हो!”

“अपव्यय थांबवा म्हणतायत,” एक सदस्य म्हणाले. “किती कळकळ आहे!”

“आणि मुलाखतीतसुद्धा क्षणभर बसलेले नाहीत,” दुसरे सदस्य म्हणाले. “याला म्हणतात गतिमान प्रशासन.”

एकमताने बढती झाली. आदेश पहारेकऱ्याने धावत खिडकीतून आत टाकला. वाहनप्रमुखांनी तो वाचला आणि ते डोळे मिटून म्हणाले, “सुटलो! आता लाव ब्रेक.”

आदर्शने आरशातून आदेशाकडे पाहिले. “अभिनंदन, साहेब. पण आता तुम्ही वाहनप्रमुख राहिला नाहीत. मघाची तुमची सही रद्द झाली.”

“मग नव्या वाहनप्रमुखाची घे!”

“ती जागा रिकामी आहे, साहेब. ती भरायची तर तुमची सही लागते.”

“मग आण कागद!”

“कार्यालयात आहे, साहेब. तुमच्या टेबलावर. तुम्ही हजर झालात की मिळेल.”

साहेब अजून हजर झालेले नाहीत. वार्षिक अहवालात पॅडची झीज शून्य दाखवली आहे. साहेबांच्या उजव्या बुटाचा तळ पार गेला आहे, पण बुटाचा मोजणीत समावेश नाही. इंधनबचतीचे परिपत्रक तेवढे कोणी काढलेले नाही, म्हणून बरे चालले आहे.

तुमचाही एखादा कागद त्या कार्यालयात अडकला असेलच. त्यावर याच साहेबांची सही लागते. फाटकापाशी रांगेत उभे राहा, गाडी आली की कागद खिडकीतून टाका, आणि पुढच्या फेरीची वाट पाहा. फक्त घाईघाईने रस्ता ओलांडू नका. तुम्ही मध्ये आलात तर ब्रेक लावावा की नाही, हा प्रस्ताव विचाराधीन आहे. कारण सबळ नाही, असा शेरा पडला आहे.