आदर्श घरातली फुंकर

एका जंगलात वीज आली होती, बाळांनो, आणि आल्यापासून ती जातच होती. त्यामुळे घरोघरी मेणबत्त्या.

तिथं साळूताई नावाची एक साळिंदर राहायची. घर वाळल्या गवताचं, पदरी दोन पिल्लं. म्हणून ती मेणबत्ती नेहमी पितळी थाळीत पाणी घालून उभी करायची, पडद्यापासून लांब. पेटती मेणबत्ती सोडून शेजारी मीठ मागायलासुद्धा जायची नाही.

हे सुरक्षा समितीच्या कानावर गेलं. समितीनं तिचं घर 'आदर्श घर' ठरवलं आणि 'मेणबत्ती सप्ताहा'चं उद्घाटन तिथंच ठेवलं. तिला विचारलं नाही. सत्कारमूर्तीला कुठं कोण विचारतं?

अध्यक्ष गवासाहेब आले. शिंगं दारात अडकली, तरी आले. निवेदनाला टिटवीबाई. घरात आडवा कापडी फलक बांधला: 'मेणबत्ती जपून वापरा.' साहेबांनी मेणबत्तीनं समई लावली, फोटो काढून घेतला आणि मेणबत्ती ठेवायला थाळी पाहिली, तर थाळीत शाल-नारळ. मग मेणाचे चार थेंब पाडून ती टेबलावरच चिकटवली. फलकाच्या बरोबर खाली.

"मेणबत्ती कापडापासून हातभर लांब ठेवावी. हा मुद्दा पहिला," साहेबांनी सुरुवात केली. एकूण मुद्दे अकरा.

चौथ्या मुद्द्याला फलकाची कड तपकिरी झाली. पिल्लं फलकाच्या पलीकडेच निजली होती.

"साहेब, जरा ते कापड..." साळूताई म्हणाली.

"ताई, तुमचं मनोगत शेवटी आहे," टिटवीबाई म्हणाल्या.

साळूताई उठली, पुढं गेली आणि फू करून मेणबत्ती विझवली.

अगं बाई!

"उद्घाटनाची ज्योत फुंकलीत?" गवासाहेब ओरडले. "एवढा अपशकुन! कशासाठी?"

"आग लागली असती, साहेब."

"कुठाय आग?"

"लागली नाही, म्हणून दिसत नाही."

हे समितीला पटलं नाही. तिनं शाल-नारळ परत घेतले, थाळी तेवढी ठेवली. तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि उरलेले सात मुद्दे समोरच्या उदमांजराच्या घरी हलवले. फलक तोच, मेणबत्तीही तीच.

नवव्या मुद्द्याला उदमांजराचं घर गेलं. नशीब, सगळे सुखरूप बाहेर पडले. समितीनं अंगणातच उदमांजराचा सत्कार केला, 'संकटात धीर न सोडणारं कुटुंब' म्हणून. शाल साळूताईचीच होती.

ते कुटुंब सध्या साळूताईकडे राहतं. ती खुलासा लिहायला बसली आहे. वीज गेली आहे. मेणबत्ती थाळीत आहे, थाळीत पाणी आहे. 'आग का लागली नाही?' या रकान्यात काय भरावं, ते मात्र तिला अजून सुचलेलं नाही.

तात्पर्य: मेणबत्ती वेळेवर विझवू नये. आधी थोडी आग लागू द्यावी, निदान पाहुण्यांना दिसेल एवढी.