मेलेल्या माळाचे पुनरुज्जीवन

जत तालुक्यातल्या एका गावाचा माळ मृत असल्याचे जिल्ह्याच्या पर्यावरण कक्षाच्या लक्षात आले. पाहणी मार्चमध्ये झाली, कारण निधी मार्चअखेर खर्च व्हायचा होता. त्या दिवसांत माळावरचे गवत वाळून भुईला टेकलेले असते. निसर्गाला आर्थिक वर्षाची शिस्त नाही, हे जुनेच दुखणे आहे.

त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या हरणाबाईंनी कक्षाचे अधिकारी रविराज साहेबांना गाठले.

"आवं साहेब, गवत मेलं न्हाई, झोपलंय. मुळं जित्ती हायती. पाऊस पडला की आठ दिसांत उठतंय. लय दुष्काळ पचिवल्यात त्यानं."

"बाई, अहवालात जिवंत आणि मृत असे दोनच रकाने आहेत," साहेब समजुतीने म्हणाले. "झोपलेल्यांसाठी रकाना नाही."

"मग तुमच्या हापिसातल्यांची नोंद कुठं करता?"

साहेबांनी हा प्रश्न विषयाबाहेरचा ठरवला.

बदलत्या हवामानाशी माळाला झुंजता यावे, म्हणून आधी जेसीबीने तो खरवडला. गवताची मुळे अडथळा म्हणून बाहेर फेकली. मग खड्डे, खड्ड्यांत रोपे, रोपांभोवती लोखंडी पिंजरे आणि मेंढ्या येऊ नयेत म्हणून सगळ्या माळाला तारेचे कुंपण. रोपांसाठी टँकर आला. तो गावाच्या पिण्याच्या पाण्याचाच होता.

"माणूस काय, तहान सोसतंय," सरपंच कृष्णात गावकऱ्यांना म्हणाले. "रोपाला सवय नसती."

जूनमध्ये एका सरीतच मोकळी माती ओढ्याला गेली, मागोमाग रोपेही गेली. गवत उगवलेच नाही. यावरून माळ मृतच होता हे सिद्ध झाले आणि अचूक पाहणीबद्दल साहेबांना बढती मिळाली.

हरणाबाई मेंढ्या घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या गावांकडे निघाल्या. कक्षाने त्यांची नोंद 'हवामानबदलाशी यशस्वी जुळवून घेतलेली महिला' अशी केली. कुंपणापाशी मात्र त्यांना रडू फुटले. बापजाद्यांपासूनचा चारा गेला होता. रिकाम्या पिंजऱ्यांवरच्या नावांच्या पाट्या बघून त्यांनी तिथे उभ्या असलेल्या सरपंचांना विचारले, "ही नावं कुणाची?"

"शेरातल्या भल्या माणसांची. वाढदिसाला केक कापत न्हाईत, त्या पैशात झाड देत्यात. पुढच्या सालचं पैसंबी पाठिवल्यात."

"मग शेजारचा माळबी मरणार म्हणा की!" हरणाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यास्नी हात जोडून सांगा, केकच कापा."

निरोप पोचवायचे काम माझ्याकडे आले आहे. तुमचा वाढदिवस कधी असतो?