कपाटाआडची परीक्षा

परीक्षेला जेमतेम अर्धा तास उरला होता आणि मुकादमांच्या डोक्यात एकही इंग्रजी शब्द टिकायला तयार नव्हता.

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांची उमर गेली होती. लोकांची कपाटं वाहून वाहून पाठीनं आता संप पुकारला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "यापुढं वजन उचललंत, तर कायमचे आडवे व्हाल." नशिबानं सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. उभं राहून नुसत्या सूचना द्यायच्या. पण गिऱ्हाइकं परदेशी, म्हणून सूचना इंग्रजीत, आणि त्यासाठी कंपनीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवरून तोंडी परीक्षा घेणार होत्या. आज नापास झाले, तर जागा दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला जाणार होती. तो सोफा उचलतानासुद्धा टाय लावायचा, म्हणून सगळे त्याला टायवाला म्हणत.

"अहो, सोपं आहे," बायको म्हणाली. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळं तिचा धीर सहसा सुटत नसे. "आपण चढतो, उतरतो, शिरतो, निघतो. दर वेळी नवं क्रियापद. इंग्रजीत एकटं 'गो' घ्यायचं. गो अप, गो डाउन, गो इन, गो आउट. क्रियापद म्हणजे हमाल. कुठं जायचं, ते मागचा छोटा शब्द सांगतो."

"म्हणजे तो छोटा शब्द मुकादम!"

"बघा, कळतंय तुम्हाला! आता सांगा, भिंतीपासून ओढायचं?"

मुकादमांनी छताकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "हातात वजन असल्याशिवाय माझं डोकं चालत नाही गं."

तिनं उशी दिली. "हे काय वजन आहे?" म्हणत मुकादमांनी ती बाजूला ठेवली आणि त्यांची नजर झोपायच्या खोलीतल्या कपाटाकडं गेली.

"पाठ!" बायको ओरडली.

"उचलत नाही, नुसतं ओढतो."

आणि चमत्कार झाला. कपाटाला हात लागले तशी जीभ मोकळी झाली. "पुल अवे फ्रॉम द वॉल!" कपाट भिंतीपासून सुटलं. "टर्न अराउंड!" कपाट वळलं. दोघांनाही चेव चढला. ती आतून ढकलू लागली, मुकादम बाहेरच्या खोलीत जाऊन ओढू लागले. "पुल थ्रू द डोअर!"

शब्द अगदी बिनचूक होता. पण कर्रर्र आवाज झाला आणि कपाट दाराच्या चौकटीत तिरकं रुतून बसलं. आजवर मुकादमांनी एकाही घराच्या चौकटीला ओरखडा पडू दिला नव्हता, कारण त्यांचं लक्ष कायम कपाटाकडं असायचं. आज पहिल्यांदाच ते शब्दाकडं होतं.

ओढून झालं, ढकलून झालं. कपाट हलेना.

"अहो, मी आत अडकले!"

"घाबरू नकोस. माझा फोन कुठंय?"

"आतच आहे. आणि तुमचा पट्टासुद्धा."

परीक्षेसाठी घातलेली नवी पँट कमरेला सैल होती. मुकादमांनी ती एका हातानं वर ओढली. स्वयंपाकघरातून त्यांची आई आली, तिनं कपाट पाहिलं. "तरी मी म्हणत होते," ती म्हणाली. ती काय म्हणत होती हे कुणालाच आठवेना, कारण तेवढ्यात फोन वाजला.

बायको आतल्या स्टुलावर चढली आणि कपाटाच्या माथ्यावरून तिनं फोन बाहेर धरला. मॅडमना दिसला तो घामानं निथळणारा, कपाटाला दोन्ही हातांनी मिठी मारलेला माणूस.

"हे काय चाललंय?"

"कपबोर्ड, मॅडम. कमिंग आउट ऑफ द रूम." मुकादमांनी कपाटाला एक हिसका दिला. "नॉट कमिंग."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "मग याचंच सांगा. ट्रकपर्यंत कसं न्याल?"

मुकादमांनी कपाट आणखी घट्ट धरलं. "पुश बॅक इनटू द रूम. टर्न अराउंड. ब्रिंग आउट ऑफ द डोअर. कॅरी अक्रॉस द हॉल, डाउन द स्टेअर्स, ऑन टू द ट्रक!"

"छान! आता हात सोडा. सुपरवायझरनं सामानाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. हात खिशात घाला आणि ट्रकमधून नव्या घरात कसं न्याल, ते सांगा."

मुकादमांनी हात खिशात घातले आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं झालं. मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. कपाटाच्या आड बायको डोळे मिटून उभी होती.

आई मात्र पोराला ओळखून होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि टॉवेल घेऊन आली. "किती घाम आलाय माझ्या बाळाला!" म्हणत तिनं टॉवेल आडवा धरला, आणि पोराच्या एका खिशात लोखंडी खल अन् दुसऱ्यात बत्ता टाकला.

मुकादमांच्या मुठी वळल्या. "टेक डाउन फ्रॉम द ट्रक," ते म्हणाले. पँट खाली सरकली. "कॅरी अप द स्टेअर्स." आणखी सरकली. हात काढावेत तर इंग्रजी जाणार, न काढावेत तर अब्रू. मुकादमांनी पोट पुढं काढून पँट कशीबशी थोपवली. "पुश... अप अगेन्स्ट... द वॉल!"

"वा!" मॅडम म्हणाल्या. "पोट पुढं, हात खिशात, बोलण्यात जराही घाई नाही. सुपरवायझर असाच हवा. उद्यापासून रुजू व्हा."

फोन बंद झाला आणि पँट खाली आली.

मग टोळीतले दोघे आले. मुकादमांनी हात न लावता सूचना दिल्या, त्या मराठीत, आणि कपाट मुकाट्यानं सुटलं. बायको बाहेर आली ती डोळे पुसतच. "पाठ वाचली हो तुमची," एवढंच ती म्हणाली. आईनं खलबत्ता परत मागितला, पण तो तिला काही मिळाला नाही.

आता मुकादम कामावर दिवसभर खिशात हात घालून, पोट पुढं काढून, जड पावलांनी फिरतात आणि फाडफाड इंग्रजी बोलतात. टोळीतले म्हणतात, पद मिळालं की माणसाला किती गर्व चढतो बघा. टायवाल्यानं मात्र पुढच्या जागेसाठी आतापासूनच तयारी चालवली आहे. त्यानं टाय काढून टाकलाय आणि रोज दोन्ही हात खिशात घालून तो गोदामाच्या अंगणात तसंच चालायची सवय करतोय.